दुसरी खेप

माझ्याकडे बाई येत नाही, तिची काच येते. काचेच्या एका टोकाला खरखरीत पट्टा असतो, त्यावर पेन्सिलीनं नंबर घातलेला. सोबत एक अर्ज: नाव, वय, गाव, बाळंतपणं किती, शेवटची पाळी कधी, तक्रार काय. तक्रारीच्या रकान्यात बहुतेक वेळा 'अंगावरून पांढरं जाणे' एवढंच असतं. क्वचित कुणी 'संबंधानंतर रक्त' असं लिहितं. ते लिहिणाऱ्या डॉक्टरचे मी मनातल्या मनात आभार मानते, कारण ते दोन शब्द दिसले की मी खुर्ची पुढे ओढून बसते. कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना पॅप स्मिअर हा माझ्या दिवसाचा लहानसाच भाग राहिला. रक्ताचे नमुने, गाठीत सुई घालून काढलेले नमुने, ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मॅलिनच्या बरणीत आलेले अवयव, यांच्या अधेमधे या काचा येत राहिल्या. मला त्या आवडतात, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मला त्यांचा कंटाळा होता.

चांगली निघालेली काच देखणी असते. गर्भाशयमुखाच्या अगदी वरच्या थरातल्या पेशी गुलाबी-केशरी, जरा खालच्या थरातल्या निळसर हिरव्या आणि प्रत्येकीच्या मध्ये केंद्रकाचा गडद ठिपका. बिघाड पहिल्यांदा त्या ठिपक्यात दिसतो. तो मोठा होतो, काळपट होतो, त्याची कड चुरगळते. एचपीव्ही या विषाणूनं धरलेल्या पेशीत केंद्रकाभोवती मोकळी जागा पडते, चंद्राला खळं पडावं तशी. त्या पेशींचं मला फारसं भय वाटत नाही. भय वाटतं ते लहान पेशींचं, ज्यांच्यात केंद्रकानं जवळजवळ सगळी जागा व्यापलेली असते. हजारो धडधाकट पेशींच्या गर्दीत त्या दहा-वीस असतात, कधी काचेच्या कडेला, कधी रक्ताच्या डागाखाली. म्हणून आधी दहाच्या भिंगाखाली काच वर-खाली करत पूर्ण चाळायची, संशय आला की चाळीसचं भिंग लावायचं आणि त्या जागेवर शाईचा ठिपका द्यायचा. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

ही तपासणी ज्याच्या नावानं चालते तो जॉर्ज पापानिकोलाऊ मूळचा ग्रीक. न्यूयॉर्कमध्ये तो गिनी पिगच्या ऋतुचक्राचा अभ्यास करत होता, तिथून बायकांच्या पेशींकडे वळला. त्याची बायको अँड्रोमाकी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने त्याला देत राहिली. म्हणजे नाव त्याचं लागलं, पण सुरुवातीच्या काचा तिच्या. १९२८ मध्ये त्यानं पहिल्यांदा मांडणी केली तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउटबरोबरचा लेख आल्यावर मात्र जग हललं. पुढे ज्या देशांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं मरणाऱ्या बायका खरोखर कमी झाल्या, त्यात फिनलंड पुढे होता. १९६० च्या दशकापासून तिथं ठरावीक वयाच्या प्रत्येक बाईला दर पाच वर्षांनी पत्र जातं: अमुक तारखेला या. पेशी खराब निघाल्या तर पुन्हा पत्र जातं. आमच्याकडे काच आली, रंग आले, मायक्रोस्कोप आले. ते पत्र तेवढं आलं नाही.

आमच्याकडे येतो तो मार्च महिना. आठ मार्चच्या मागेपुढे महिला मंडळं, पतसंस्था, कॉलेजं, तरुण मंडळं सगळ्यांनाच शिबिर घ्यायचं असतं, आणि काचांचे खोकेच्या खोके येऊन पडतात. त्यातल्या बऱ्याच काचा मला वाचता येत नाहीत. नमुना काचेवर पसरला की लगेच, अगदी काही सेकंदांत, ती अल्कोहोलमध्ये बुडवायची असते. शिबिरात ती पंख्याखाली टेबलावर तशीच राहते, कारण पुढची बाई पडद्याआड आलेली असते आणि बाहेर सत्कार चालू असतो. वाळलेल्या पेशी फुगतात, केंद्रकं पसरट होतात, आणि साधी पेशीही गुन्हेगार दिसायला लागते. शिवाय काचेवर निदान आठ ते बारा हजार पेशी असाव्यात असा दंडक आहे. कमी असल्या तर मी लिहिते: 'नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा.' लिहायला मला दहा सेकंद लागतात. शिबिराच्या मांडवात पहिल्यांदा धीर करून त्या टेबलावर चढलेली बाई त्यासाठी पुन्हा येईल, असं धरून चालणं हा आमच्या धंद्यातला मोठा भाबडेपणा आहे.

वाचता आलेल्या काचांपैकी बहुतेकींवर 'इन्फ्लमेटरी' असा शेरा पडतो. म्हणजे जंतुसंसर्ग, सूज, आणि साधारणपणे कॅन्सरशी संबंध नसलेलं काहीतरी. उरलेल्या थोड्यांसाठी बेथेस्डा पद्धतीचे शब्द आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेत ठरलेली ही पद्धत आता सगळीकडे चालते. 'एस्कस' म्हणजे पेशी जराशा वेगळ्या, पण का ते सांगता येत नाही. 'एलसिल' म्हणजे हलका बदल. तो बहुतेकींत दोनेक वर्षांत आपला आपण जातो. 'एचसिल' म्हणजे मोठा बदल. तो तसाच सोडायचा नसतो, पण तोही अजून कॅन्सर नसतो. हे सगळं डॉक्टरांना कळावं म्हणून लिहिलेलं. प्रत्यक्षात कागद बाईच्या हातात पडतो, आणि तिच्या घरातला सगळ्यात शिकलेला मुलगा तो मोबाइलवर शोधून वाचतो.

अशीच एक भुदरगडकडची बाई एका दुपारी लॅबमध्ये आली. चाळिशीची असेल. कागदाच्या तळाला माझं नाव होतं म्हणून थेट माझ्याकडे.

"मॅडम, ह्यात कॅन्सर लिवलाय का?"

"नाही हो ताई. कॅन्सर लिहिलेला नाही."

"पोरानं मोबाइलवर बघिटलं. त्ये म्हणतंय हायच."

मी तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. असं करायची पद्धत नाही, पण काच तिची होती. ठिपका दिलेल्या जागी भिंग नेऊन दाखवलं की ह्या चांगल्या, ह्या बिघडलेल्या. तिनं बराच वेळ बघितलं. "एवढ्याशाच हाईत की," म्हणाली. मग पुढचं सांगितलं. पिशवीचं तोंड दुर्बिणीतून बघतात, त्याला कॉल्पोस्कोपी म्हणतात. ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावलं की खराब जागा पांढरी पडते. तिथला तुकडा घेतात, तो माझ्यासारख्याच कुणाकडे येतो, आठवड्याभरात निकाल लागतो. मग तेवढीच जागा तारेच्या वेटोळ्यानं काढून टाकतात. पिशवी जागेवर राहते.

तिनं बोटं मोजली. "म्हंजे तीन खेपा." मग हिशेब सुरू झाला. सकाळच्या गाडीनं आलं तरी डॉक्टरांपुढं जायला बारा वाजतात. पाचच्या धारेला घरात पाहिजे. म्हशी दुसऱ्याच्या हाताला लागत नाहीत, दूध आटलं तर डेअरीच्या बिलातून पोराची फी कशी भरायची? सासूला काय सांगायचं? बरोबर कोण येणार? "मी एकटा आलो तर मालक इच्यारणार, कशाला गेलतीस." मी म्हटलं, एसटीचं अर्धं तिकीट झालंय आता बायकांना. ती हसली. १७ मार्च २०२३ पासून तिकीट अर्धं झालं खरं, पण धारेच्या वेळा होत्या तिथंच राहिल्या.

आणि मग तिनं ते वाक्य उच्चारलं, जे मी या कामात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे: "त्यापरीस पिशवीच काढून टाका की एकदाची."

या वाक्याला आमच्या भागात मोठा इतिहास आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने पेटले की बीडकडच्या टोळ्या ऊस तोडायला येतात, फडाशेजारी त्यांच्या खोपी पडतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीच्या दिवसांत काम बुडतं आणि बुडालेल्या दिवसाचा दंड बसतो, हे एक कारण पुढे आलं. दुसरं कारण मला जास्त बोचलं: 'काढली नाही तर कॅन्सर होईल' हे पुष्कळ जणींना सांगण्यात आलं होतं. पांढरं जाणं, कंबर दुखणं, सूज, एवढ्यावर. यातली दुसरी बाजू मी बरण्यांमध्ये बघते. फॉर्मॅलिनमधली पिशवी कापायला घेते तेव्हा बहुतेकींच्या अवयवात काढण्यासारखं काहीच सापडत नाही. पण एखादीच्या पिशवीच्या तोंडात खरोखरचा, आत रुजलेला कॅन्सर निघतो, ज्याची आधी तपासणीच केलेली नसते. त्या बाईला साधं पिशवीचं ऑपरेशन पुरत नाही. तिला वेगळं, मोठं ऑपरेशन किंवा रेडिएशन लागतं, आणि अर्धवट झालेल्या ऑपरेशननंतर ते दुप्पट अवघड होऊन बसतं. म्हणजे गरज नसलेल्यांची पिशवी गेली, आणि जिला गरज होती तिचा उपचार बिघडला. दोन्हीकडे चुकलं ते एकच, कापण्याआधी कुणी बघितलंच नाही.

मोठा बदल तसाच सोडला तर काय होतं, याचं उत्तर जगाला न्यूझीलंडच्या बायकांनी दिलं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकापासून हर्बर्ट ग्रीन नावाच्या डॉक्टरनं अशा बायकांना पुरेसा उपचार न देता नुसतं लक्ष ठेवलं. हे पुढे बाहेर आलं, १९८८ मध्ये चौकशीचा अहवाल आला. खूप वर्षांनी आकडे मोजले तेव्हा, नीट उपचार न मिळालेल्यांपैकी ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के बायकांना कॅन्सर झाला होता. उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली होतं. मी 'एचसिल' लिहिते तेव्हा हे दोन आकडे माझ्या डोळ्यांपुढे असतात. दहातल्या सातजणींना तीस वर्षांतही काही होणार नाही, आणि कुठल्या तिघी ते काचेवर लिहिलेलं नसतं.

भुदरगडची ती बाई आली. भात कापणी उरकल्यावर, जावेला म्हशीची सवय लावून. तिचा तुकडा माझ्याच टेबलावर आला, नंतर काढलेला भागही आला, आणि त्याच्या कडा स्वच्छ निघाल्या. तिच्यासारख्या कितीतरी आल्या नाहीत. आम्ही फोन लावतो. अर्जावरचा नंबर नवऱ्याचा असतो, नाहीतर मुलाचा. "कोण बोलतंय? कसला रिपोर्ट?" आता काय सांगायचं? बाईचा अहवाल तिच्या नवऱ्याला फोनवर वाचून दाखवायचा नाही, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं. "त्यांना एकदा फोन करायला सांगा," म्हणून ठेवून देतो. पुष्कळदा तो फोन येतच नाही. हल्ली अर्जावर मी एक ओळ वाढवून घेतली आहे: 'कुणाला सांगितलेलं चालेल?' शिबिरवाले ती रिकामी ठेवतात.

आता मुद्द्याचं. आमच्यापासून फार लांब नाही, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉ. बी. एम. नेने यांनी टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ऑक्टोबर १९९९ मध्ये एक अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार वाटण्या. एकीला पॅप, दुसरीला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, तिसरीला एचपीव्हीची तपासणी, चौथीला नेहमीप्रमाणे काहीच नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले: न तपासलेल्या गटात ६४, या गटात ३४. पॅपच्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काचा वाचणारे तयारीचे होते, रंग नीट होते, देखरेख होती, तरीही.

ते वाचताना मला वाईट वाटलं, हे नाकारत नाही. ज्या कौशल्यावर मी वर्षं घालवली ते माझ्याच राज्यातल्या गावांमध्ये मागे पडलं होतं. पण मुंबईचा अभ्यास शेजारी ठेवल्यावर चित्र जास्त स्पष्ट झालं. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासणाऱ्या दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, हातात ॲसिटिक ॲसिड आणि बॅटरी. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तीच पद्धत धाराशिवमध्ये फारशी उपयोगी ठरली नव्हती. मोठा फरक असा की धाराशिवमध्ये ती एकदाच केली, मुंबईत दर दोन वर्षांनी पुन्हा दार वाजवलं. कमकुवत पद्धतही वारंवार केली की काम करते. एकदाच जमणार असेल तर मात्र पहिल्या खेपेतच पक्कं सांगणारी पद्धत पाहिजे. पॅपला दोन्ही लागतं, उत्तम काच आणि पुन्हा येणारी बाई. (दोन्ही अभ्यासांत एका गटाला तपासणीवाचून ठेवलं यावर पुढे बरीच टीका झाली. मला ती टीका पटते, आणि त्याच अभ्यासांच्या आधारावर आपण बोलतो हेही दिसतं.)

म्हणून मी आता स्वतःच्याच धंद्याविरुद्ध बोलते. गावात पॅपची शिबिरं घेऊ नका. एचपीव्ही करा, आणि ते परवडत नसेल तर ॲसिटिक ॲसिड लावून बघा, आणि पांढरी जागा दिसली व ती उपचाराजोगी असली तर बाई टेबलावर असतानाच तिथं उष्णतेचं उपकरण टेकवून ती जाळून टाका. मिनिटाभराचं काम आहे. सरकारी कार्यक्रमानंही २०१६ पासून ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडचीच पद्धत धरली आहे. कागदावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के जणींनी कधी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केल्याचं सांगितलं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी या रोगाचे १,२७,५२६ नवे रुग्ण आणि ७९,९०६ मृत्यू. आमच्या जिल्ह्यात कॅन्सरची चर्चा काही कमी नाही. पंचगंगेचं पाणी, शिरोळच्या मळ्यांतली औषधं, खतं, सगळ्यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद होतात. ज्या कॅन्सरची वाट दहा-पंधरा वर्षं आधी अडवता येते, त्याचं नाव मात्र त्या कट्ट्यावर निघत नाही, कारण ते घ्यायचं तर पिशवीच्या तोंडाबद्दल बोलावं लागतं.

एचपीव्हीचीही एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल तपासणीचे पुरस्कर्ते कमी बोलतात. पॅपचा अहवाल सांगतो की पेशी बिघडल्या. एचपीव्हीचा अहवाल सांगतो की विषाणू आहे, आणि तो शरीरसंबंधातून येतो. शहरातल्या एक शिक्षिका असा कागद घेऊन आल्या. काच साफ होती, विषाणू सोळा नंबरचा. नवरा बाहेर बाकावर. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हे आलं कुठून?" मी खरं तेच सांगितलं: लग्न झालेल्या बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू होऊन जातो, बहुतेकांचा दोन वर्षांत निघून जातो, काहींचा वर्षानुवर्षं दबून राहतो. कधी आला, कुणाकडून आला हे कुठलीही लॅब सांगू शकत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलंत. हे बाहेर जाऊन मी कसं सांगू?" मी नवऱ्यालाही आत बोलावलं आणि तेच शब्द, तशाच आवाजात पुन्हा सांगितले. तेव्हापासून मी एचपीव्हीचा होकारार्थी अहवाल नुसता पाकिटात घालून देत नाही. आशा ताईंच्या हाती स्वतःचा नमुना स्वतः घ्यायचा ब्रश दिला तर बायका लाजणार नाहीत, हे खरंच आहे. पण पाकीट उघडेल त्या दिवशी तिथं कुणी बोलणारं लागेल.

"बाई डॉक्टर हाय न्हवं?" हा तपासणीला येणाऱ्या बायकांचा प्रश्न तर ठरलेलाच. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थाननं आनंदीबाई जोशींना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली होती. त्या रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं सीपीआर. बायकांना तपासायला बाई पाहिजे हे संस्थानाला तेव्हा कळलं होतं, एवढंच इथं नोंदवते. आता बाई डॉक्टर आहेत, पण त्या शहरात.

एचपीव्हीच्या लसीबद्दल सगळ्या आया विचारतात, आणि तिथं माझं उत्तर सोपं आहे: मुलगी नऊ ते चौदाची असेल तर द्या. पुण्याच्या सीरमची भारतीय लस २०२३ पासून बाजारात आहे. पण आईची काच लस पुसत नाही. तिशी ओलांडलेल्या आईला तपासणीच लागते, आणि बऱ्याच घरांत लेकीच्या लसीला पैसे निघतात तेव्हा आईची तपासणी 'बघू नंतर' वर जाते.

परवा फेब्रुवारीच्या अखेरीला एका मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "मॅडम, आठ तारखेला शिबिर ठेवलंय. शे-दीडशे बायका येतील. पॅपचा रेट काय लावणार?"

मी म्हटलं, रेट नंतर बघू. खराब निघालेल्या बायकांची कॉल्पोस्कोपी कोण करणार, कुठल्या वारी, आणि त्यांना आणायला गाडी कुणाची?

"ते काय, तुम्ही रिपोर्ट दिलात की बघतील की त्या."

"गाडी आणि वार ठरला की फोन करा. मग मी काचा फुकट वाचून देते. आणि जमलं तर पॅपऐवजी एचपीव्ही बसवू, त्याचं मी बोलते."

"पत्रिका छापायला गेलीय मॅडम," ते म्हणाले. "त्यात पॅप स्मिअर असंच टाकलंय."

"मग पत्रिकेत दुसरी तारीखपण टाका," मी म्हटलं. "पुन्हा यायची."

अध्यक्ष म्हणाले, कमिटीत विचारून सांगतो.